पावसाळी कांद्याच्या रोपाला छप्पर हवंच



कांदा म्हटलं की आपण भावाबद्दल बोलतो, चाळीबद्दल बोलतो, निर्यातीबद्दल बोलतो. पण कांद्याचं पहिलं नुकसान होतं ते रोपवाटिकेत, म्हणजे उळं टाकल्यानंतरच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे. खरिपाच्या म्हणजे पोळ कांद्याचं रोप उघड्यावर वाढवणं आता परवडत नाही. ते प्लॅस्टिकच्या बोगद्याखाली वाढवलं पाहिजे, आणि हे शिकवायची चांगली जागा आपली शाळा आहे.

आधी हंगाम समजून घेऊ. महाराष्ट्रात कांदा तीनदा घेतात. पोळ कांद्याचं उळं मे-जूनमध्ये पडतं, रांगड्याचं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि उन्हाळ कांद्याचं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पोळाचं रोप साधारण ४० ते ४५ दिवसांत लागवडीला येतं. नेमके हेच दिवस जोराच्या पावसाचे. कोवळ्या रोपावर सर आदळली की ते आडवं होतं. वाफ्यात पाणी साचलं की पिथियमसारखी बुरशी मुळाशी शिरते, रोप जमिनीलगत सडतं आणि कोलमडतं. यालाच आपल्याकडे 'मर' म्हणतात. काल हिरवा दिसणारा वाफा दोन-तीन दिवसांत विरळ होतो.

मग काय होतं? शेतकरी पुन्हा बी आणतो, पुन्हा उळं टाकतो, लागवड महिनाभर पुढे जाते. पोळ कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, तो बाजारात आला तर चार पैसे मिळतात. ती वेळ हुकली की घरातली दिवाळी, सहामाहीनंतरचा मुलांचा खर्च, सगळंच ओढाताणीचं होतं. म्हणून हा विषय वर्गातल्या मुलांपर्यंत पोचतो.

आता थोडं गणित करू. १ ग्रॅम बियाण्यात कांद्याच्या साधारण २५० ते ३०० बिया असतात. म्हणजे १ किलोत किमान अडीच लाख. लागवड १५ × १० सेंटीमीटरवर केली तर एकरात फार तर २ लाख ७० हजार रोपं बसतात. आपण एकरी बी टाकतो ३ ते ४ किलो. ३ किलोच धरा. साडेसात लाख बिया झाल्या. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. त्या हिशेबाने सव्वापाच लाख रोपं उगवतात. गरजेच्या जवळपास दुप्पट! थोडं रोप जादा हवंच, खुरटं रोप बाजूला काढावं लागतं हेही मान्य. पण बाकीचं बी आपण मर आणि पावसासाठी आधीच सोडून देतो. उरलेलं बी पुढच्या वर्षाला ठेवावं, तर कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती घरात ठेवल्यावर वर्षभरातच उतरते.

ब्रिटनसारख्या थंड देशात जानेवारी-फेब्रुवारीतच कांद्याचं बी आडोशाला पेरतात, थंडीपासून वाचवायला. आपल्याला तेच छप्पर पावसासाठी वापरायचं आहे. त्यासाठी मोठं पॉलिहाऊस नको. १ एकराच्या लागवडीला रोपवाटिका लागते साधारण २ गुंठ्यांची. १ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच गादीवाफे करा. वर बांबूच्या कामट्या नाहीतर जाड तार कमानीसारखी वाकवून रोवा आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बांधा. बी फेकू नका. ५ ते ७ सेंटीमीटरवर ओळी पाडून सेंटीमीटरभर खोल पेरा, वरून चाळलेलं खत पसरा आणि झारीने पाणी द्या.

पण झाकलं म्हणजे झालं असं नाही. जूनमध्ये ऊन पडलं की प्लॅस्टिकखाली भट्टी होते. ३५ अंशांच्या वर उगवण मंदावते. म्हणून दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक वीतभर उचललेलं हवं, आणि उघडीप असेल तेव्हा ते पूर्ण गुंडाळून ठेवायचं. हवा खेळली नाही तर बुरशी आतही येते. वाफ्यांमधून पाणी निघून जायला चर हवाच, नाहीतर वर छप्पर आणि खाली चिखल!

काही जण म्हणतात, "झाकलेलं रोप नाजूक होतं." आठ-दहा दिवस आधीपासून प्लॅस्टिक काढलं आणि पाणी कमी करत नेलं, तर रोप काटक होतं. "आमच्या आजोबांनी कधी झाकलं नाही," असंही ऐकायला मिळतं. उन्हाळ कांद्याच्या रोपाला बहुतेक वेळा छपराची गरज पडत नाही, तिथे आजोबांचंच बरोबर. माझा आग्रह फक्त पावसाळी रोपासाठी आहे. पूर्ण क्षेत्र नको वाटत असेल तर निम्मे वाफे झाका, पण पीक पूर्ण देवावर सोडू नका.

आता शाळेचं काम. जूनच्या मध्याला शाळा उघडते, तेव्हाच उळं टाकायची वेळ असते. परसबागेत दोन वाफे करा, एक झाकलेला, एक उघडा. माती तीच, बी तेच. प्रत्येक वाफ्यात १० ओळी, ओळीत २० बिया, म्हणजे २०० बिया. एवढ्याला एक ग्रॅमही बी लागत नाही. दहाव्या, विसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी मुलांनी रोपं मोजायची. तिसरी-चौथीच्या मुलांनी बेरीज-वजाबाकी करायची, सहावी-सातवीने शेकडेवारी काढायची. पाऊस पडलेले दिवसही वहीत लिहायचे.

ऑगस्टच्या पालकसभेत हे आकडे फळ्यावर मांडा. पाऊस कमी झाला आणि उघडा वाफाही चांगला आला, तर तेही तसंच लिहा. दोन-तीन वर्षांच्या वह्या जमल्या की गावाकडे स्वतःचा हिशेब असेल, आणि पुढचं उळं टाकताना बाप पोराला विचारेल, "तुमच्या शाळेत किती जगलं रे?"