योग्याची परीक्षा दुर्गदबैलात

2015 पासून दर 21 जूनला गावोगावच्या मैदानांवर चटया अंथरल्या जातात, पुढाऱ्यांचे फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी चटया पुन्हा माळ्यावर जातात. यात वाईट काही नाही; कंबर सुटते, मान मोकळी होते. खटकतं ते एवढंच की, ज्याचं अंग अधिक वळतं किंवा ज्याचा श्वास अधिक वेळ कोंडलेला राहतो, तो मोठा योगी ही समजूत दरवर्षी थोडी आणखी घट्ट होते. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात संध्याकाळी उभं राहावं. कापडाच्या दुकानात घासाघीस चाललेली, गिरमिट-मिरचीभजीच्या गाड्यांभोवती रेटारेटी, धक्का लागला म्हणून कुणी कुणावर डाफरलेलं. माझ्या मते योगी ओळखायचा तो अशा ठिकाणी. पैसा, अपमान आणि घाई एकाच वेळी अंगावर येतात तेव्हा तो कसा वागतो, हीच त्याची खरी परीक्षा.

ही कसोटी नवी नाही आणि माझीही नाही. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसऱ्या क्रमांकावर येतं. त्याआधी यम-नियम आहेत, म्हणजे अहिंसा, सत्य, चोरी न करणं, साठा न करणं अशा थेट बाजाराशी संबंध असलेल्या गोष्टी. सिद्धींचं सविस्तर वर्णन त्यांनी योगसूत्रांच्या विभूतिपादात केलं, पण त्याच पादात सिद्धी समाधीच्या आड येतात असा इशाराही दिला. गीतेचा सहावा अध्याय ध्यानाची बैठक सांगण्याआधीच फळाची आस न धरता कर्तव्य करणाऱ्याला योगी म्हणून मोकळा होतो. ज्ञानेश्वर तर नाथपंथी. कुंडलिनी जागी झाल्यावर देहात काय होतं याचं त्यांच्याइतकं तपशीलवार वर्णन मराठीत क्वचितच कुणी केलं असेल. पण योगसामर्थ्याबद्दल ख्याती असलेल्या चांगदेवांना त्यांनी ज्या 65 ओव्या लिहिल्या, त्यांत प्राणायामाचा धडा नाही. पाहणारा आणि दिसणारं जग वेगळं नाही, एवढंच ते नाना परींनी समजावतात. जो विद्येत आधीच पारंगत आहे त्याला तीच विद्या आणखी शिकवण्यात अर्थ नव्हता.

दुर्गदबैलपासून काही किलोमीटरवर जुन्या हुबळीत सिद्धारूढ स्वामींचा मठ आहे. 1929 मध्ये समाधिस्थ झालेल्या या अद्वैती साधूंची कीर्ती हठयोगाच्या प्रयोगांवर उभी राहिली नाही. कन्नड ग्रंथकार निजगुण शिवयोगींच्या ग्रंथांवर ते निरूपण करत आणि ‘ॐ नमः शिवाय’ हा मंत्र जातपात न पाहता देत. हुबळीत आले त्या सुरुवातीच्या काळात लोकांनी वेडा समजून त्यांचा छळ केला आणि त्यांनी तो निमूट सोसला, असं भक्त सांगतात. मराठी माणसाला ही परंपरा परकी नाही: निजगुणांचा ‘विवेकचिंतामणी’ 1604 मध्येच मराठीत आला, आणि बेळगावच्या अनगोळमध्ये हरिमंदिर उभारणाऱ्या कलावती आई सिद्धारूढांनाच गुरू मानत. जगातल्या सर्वांत लांब, 1507 मीटरच्या फलाटाचं हुबळी स्थानक आज स्वामींच्या नावाने ओळखलं जातं. अपरिग्रहाच्या उपासकाच्या वाट्याला जागतिक विक्रम यावा, ही गंमतच.

यावर पहिला आक्षेप असा की, मग प्रत्येक सभ्य दुकानदार योगी ठरेल, साधनेची गरजच काय? सभ्यपणा बहुतेक वेळा परिस्थितीवर टिकून असतो; धंदा बसला, चारचौघांत पाणउतारा झाला की तो गळून पडतो. परिस्थिती फिरली तरी वृत्ती न फिरणं हे रोजच्या अभ्यासाशिवाय आणि वैराग्याशिवाय साधत नाही, म्हणून आसन, जप, ध्यान हवंच. ते साधन आहे, प्रमाणपत्र नव्हे. सिद्धारूढांच्याही चमत्कारकथा आहेतच की, असंही कुणी म्हणेल. आहेत, आणि त्या खऱ्या धरल्या तरी त्यांतून सामर्थ्य सिद्ध होईल, योग नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आतली अवस्था बाहेरून कशी कळणार? निंबाळला आश्रम असलेले, जमखंडीचे गुरुदेव रा. द. रानडे हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि स्वतः साधक. महाराष्ट्रातल्या संतांच्या अनुभवांवर 1933 मध्ये त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. अनुभव खरा की भ्रम, हे तपासताना त्यांनी नैतिक विकासालाही कसोटीचं स्थान दिलं. आचरणावरून समाधी मोजता येत नाही, हे मान्य. चांगल्या वागण्याचं सोंगही आणता येतं. पण आचरण घसरलेलं दिसत असताना आत समाधी असेल असं गृहीत धरण्याचं कारण उरत नाही, आणि गुरू शोधणाऱ्याला एवढं नकारार्थी ज्ञानही पुष्कळ उपयोगी पडतं. दीक्षेसाठी किती पैसे घेतात, शंका विचारणाऱ्या शिष्याचं काय होतं, आश्रमाचा हिशेब मागितला तर कोण कुणावर चिडतं, हे आधी विचारून घ्यावं. दुर्गदबैलातलं गिऱ्हाईक साडी घेतानाही याहून जास्त चौकशी करतं.