खोकणाऱ्या मुलांचा श्वास एकदा मोजून घ्या



आळंदीत कार्तिकी वारी तोंडावर आली की इंद्रायणीकाठी पहाटे धुकं उतरतं, चाकण-मरकळच्या रस्त्यांवर अवजड गाड्यांची धूळ, त्यात चुलींचा धूर. काकड्याला उठलेली मुलं याच दिवसांत खोकताना ऐकू येतात. हरिपाठात चाल वर गेली की एखादा मुलगा मध्येच थांबतो, खांदे उचलून श्वास ओढतो आणि मग नुसते ओठ हलवत राहतो. त्याला आळशी म्हणू नका. त्याच्या श्वासनलिका आकसलेल्या असू शकतात.

काढा, खोकल्याचं औषध, वाफारा. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा छाती घरघरते. वर्षं जातात, पण त्याचा श्वास कुणी मोजत नाही.

तो मोजणारी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. सुई नाही, रक्त नाही. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घेऊन नळीत जोरात फुंकायचं, आतली हवा संपेपर्यंत. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली हे यंत्र सांगतं. श्वासनलिका आकसल्या असतील तर ती हवा कमी भरते. निदान तीन फुंका नीट जमाव्या लागतात. मग पंपाचं (इनहेलरचं) औषध देऊन साधारण 15 मिनिटांनी पुन्हा मोजतात. आकडा चांगला वाढला तर बहुधा दमा. नाही वाढला तर डॉक्टर दुसरं कारण शोधतात. साधारण 5-6 वर्षांपुढच्या मुलांना हे जमतं. पहिल्या खेपेला नाही जमलं तर रागावू नका. आणि दमा कमी-जास्त होत असतो, म्हणून एक अहवाल चांगला आला की मनानेच औषध बंद करू नका.

आळंदीतल्या वारकरी शिक्षण संस्थांच्या चालकांना विशेष विनंती. तुमच्याकडची बरीच मुलं मराठवाडा-विदर्भातून आलेली. घरी असती तर रात्रीचा खोकला आईने ऐकला असता. इथे तो तुम्हीच ऐकायचा आहे. रात्री कोण उठून बसतं, हे शेजारी झोपणाऱ्या मुलांना विचारा. अशा मुलाला आधी आळंदीच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पुढच्या तपासणीसाठी पिंपरीचं वायसीएम आणि पुण्याचं ससून रुग्णालय आहे. कोणता पंप तपासणीच्या किती तास आधी थांबवायचा, हे डॉक्टरांनाच विचारून जा.

पंपाची सवय लागते, हा समज सोडा. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं. लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून मुलीचा दमा लपवणाऱ्या आईवडिलांना तर हात जोडून सांगणं आहे: तिला आज श्वास हवा आहे.

बोलताना शब्द तुटत असतील, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळे पडले असतील, तर तपासणीची वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करा.