नाना गेले, पण त्यांचं रिचार्ज चालूच

बडोद्याच्या मंडळींनो, पोस्ट लांब आहे आणि रागातली आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमचे नाना गेल्या पौषात गेले. प्रतापनगरला रेल्वेत होते, सगळी हयात दांडियाबाजारच्या जुन्या घरात गेली. ते गेल्यावर आईला मी मांजलपूरला आमच्याकडे आणलं. मग कागदांची कामं सुरू झाली. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना वेगळं सांगायला नको. पेन्शन, वीज, गॅस, महापालिकेचा घरवेरा. रांगा होत्या, चकरा झाल्या. पण प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला पुढे ठेवला की समोरच्या माणसानं तो वाचला आणि हा माणूस आता नाही हे मान्य केलं. मान्य केलं नाही ते फक्त डिशच्या कंपनीनं.

नानांच्या डेबिट कार्डावरून दर महिन्याला ३८६ रुपये आपोआप कापले जायचे. खातं आईबरोबर जॉइंट, त्यामुळे ते चालूच होतं. घराला कुलूप, टीव्हीवर चादर, आणि पैसे मात्र दर ७ तारखेला जात होते.

फोन केला. रिचार्जसाठी एक दाबा, नव्या पॅकसाठी दोन, चित्र दिसत नसेल तर तीन. बंद करण्यासाठी कुठलाच आकडा नाही. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगा आला.

"क्या मेरी बात खाताधारक से हो सकती है?"

"वो गुज़र गये. मैं उनका बेटा हूँ."

"सुनके बहुत अफ़सोस हुआ सर. तो क्या उनसे बात हो सकती है?"

हसू नका. मीही त्या क्षणी हसलो नाही. मुलगा वाईट नव्हता, आवाजावरून विशी-बाविशीचा असेल. त्याच्यासमोरच्या पडद्यावर 'माणूस वारला' असा रकानाच नसणार. त्याला हवा होता ओटीपी, आणि तो जाणार नानांच्या नंबरावर. ते सिम आम्ही केव्हाच बंद केलेलं. दाखला ईमेलनं पाठवा म्हणाला, पाठवला. उत्तर आलं: कृपया रजिस्टर्ड नंबरवरून संपर्क करा.

मी कामावर हे सांगितलं तर लोक म्हणतात, अरे सुरक्षेसाठी असतं ते, उद्या कोणीही उठून तुझं कनेक्शन बंद करेल. बरं. मग मला सांगा, आजारपणात तीन वेळा मी माझ्या मोबाइलवरून, माझ्या खात्यातून नानांचं रिचार्ज केलं, तेव्हा कोणी विचारलं का की तुम्ही कोण? ग्राहक क्रमांक टाकला, पैसे गेले, 'धन्यवाद' आलं. पैसे भरायला रस्त्यावरचा कोणीही चालतो, बंद करायला मात्र मेलेला माणूसच हवा. याला सुरक्षा म्हणत नाहीत. हा उंदराचा पिंजरा आहे: आत जायला दार, बाहेर यायला जाळी.

तिसऱ्या फोनला मला एका बाईंकडे जोडून दिलं. कंपन्यांत या खात्याला 'रिटेन्शन' म्हणतात, म्हणजे जाणाऱ्याला धरून ठेवणं हेच काम. त्या गोड आवाजात म्हणाल्या, सर, बंद का करता, आम्ही तुम्हाला मराठी पॅक तीन महिने फ्री देतो.

इथं माझा तोल गेला.

कारण या मराठी पॅकसाठी नानांनी अकरा वर्षं त्या कंपनीशी भांडण काढलं होतं. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या पिनकोडला कंपनी जो पॅक पुढे करते तो हिंदी आणि गुजरातीचा. मराठी म्हणजे वरचे पैसे. नानांचं म्हणणं साधं होतं: मी न बघणाऱ्या वाहिन्या काढा आणि त्या जागी मराठी द्या. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा नवा नियम आला, ज्याला जी वाहिनी हवी तिचेच पैसे. नाना खूश. शंभर वाहिन्यांचे १३० रुपये अधिक कर, वर पसंतीच्या वाहिन्यांची किंमत. त्यांनी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे यादी केली, बेरीज केली, फोन केला. तिकडून सांगितलं, सुट्ट्या घेतल्या तर महाग पडेल, आमचा तयार पॅक घ्या. वर्षभर फोन करून थकले आणि शेवटी तयार पॅक घेतला, वर मराठीचे जास्तीचे पैसे भरले. ते पान अजून शोकेसच्या खणात आहे.

जे त्यांना मागून मिळालं नाही, ते आता त्यांच्या माघारी फुकट! म्हणजे देता येत होतं. राहणाऱ्याला द्यायचं नव्हतं, एवढंच.

नव्वदच्या दशकातला आपला गल्लीतला केबलवाला आठवा. धुतल्या तांदळाचा नव्हताच तो. पावती मागितली तर हसायचा, पाऊस पडला की चित्राला मुंग्या. पण माझ्या बारावीच्या वर्षी नानांनी जिन्यातून हाक मारून सांगितलं, "भाई, मार्चपर्यंत बंध कर," आणि संध्याकाळपर्यंत वायर काढलेली. हो म्हणण्याचा अधिकार त्याच्या हातात होता. आताच्या व्यवस्थेत तुम्ही दहा माणसांशी बोलता, दहाही नम्र असतात, आणि एकाच्याही हातात 'बंद' हे बटण नसतं. ते विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही.

आणि हे मी चिडून म्हणत नाही, कायद्यातच आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. फसवणुकीचे १३ प्रकार त्यात नावानिशी दिलेत, आणि त्यातला एक आहे 'सबस्क्रिप्शन ट्रॅप': बंद करणं अशक्य किंवा लांबलचक करून ठेवणं. म्हणजे सरकारदरबारी या पिंजऱ्याला नाव आहे.

शेवटी काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. आईचे गुडघे जरा बरे झाल्यावर तिला बँकेत नेलं. दाखला दिला, नानांचं कार्ड बंद झालं, कापणं थांबलं. दहा मिनिटांचं काम. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सगळ्या तारखा आणि तक्रार क्रमांकांसह तक्रार नोंदवली. ती काही कोर्ट नव्हे, तक्रार कंपनीकडे पाठवते. पण नवव्या दिवशी कंपनीचाच फोन आला, खातं बंद झालं. पाच महिन्यांचे १,९३० रुपये कापलेले, परत आले दोन महिन्यांचे. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही.

घरचे म्हणतात, अकराशे-बाराशे रुपयांसाठी कशाला डोकं लावतोस. मंडळी, हेच तर त्यांचं भांडवल आहे. आपण सभ्य माणसं, 'जाऊ दे' म्हणणारी. त्या 'जाऊ दे'वर त्यांचा महिना चालतो. नानांनीही शेवटी जाऊ दे म्हटलं होतं. मी म्हणणार नाही.

तुमच्या घरात गेलेल्या माणसाच्या नावानं काय काय कापलं जातंय, आज पासबुक काढून बघा.