जुन्या जीपच्या ब्रेकमधली हवा



धानाची मळणी झाली की जुन्या जीपगाड्या पोती अन् माणसे घेऊन बाजाराला निघतात. दरेकसा घाटाच्या उतारावर ब्रेक लागला नाही, तर जिवावर बेतते. म्हणून आधीच पाहावे.

पेडल स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा आहे. मास्टर सिलिंडरपासून लांबचे चाक आधी घ्यावे: मागचे डावे, मागचे उजवे, मग पुढचे डावे, पुढचे उजवे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावा. निपल आवळल्यावरच पेडल सोडावे. डबीतले तेल संपू देऊ नये.

तरीही पहिल्या दाबाला पेडल खाली जाते, अन् दोन-तीनदा दाबल्यावर वर येते? आधी ब्रेक-शू जुळवावेत. फरक पडला नाही, तर मास्टर सिलिंडरमधला चेक व्हॉल्व्ह मिस्त्रीला दाखवावा. तो नळीत थोडा दाब राखतो. तो बिघडला की चाकाच्या सिलिंडरातून हवा पुन्हा आत शिरते. ब्रेक सोडूनही ड्रम तापत असतील, तर तेल परतण्याचे बारीक छिद्र तुंबले असावे.

इंजिन ऑइल ब्रेकमध्ये कधीही घालू नये, रबर फुगते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट 3 तेल 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर 140 च्या आसपासच उकळू शकते. दर दोन वर्षांनी तेल बदलावे.