औषध मोफत, पण एकवीस दिवसांचे काय?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांच्या आत कर्करोगाच्या दिवसभराच्या उपचारांची केंद्रे उघडण्याची आणि त्यांपैकी २०० केंद्रे २०२५-२६ या वर्षात सुरू करण्याची घोषणा झाली. प्राप्तिकरातील सवलतींच्या चर्चेत ती झाकली गेली, हे स्वाभाविक असले तरी योग्य नव्हे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत स्तनाच्या कर्करोगावर औषधोपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने तिचे मोल कोणत्याही करसवलतीहून अधिक आहे. मात्र हे मोल नेमके कशात आहे, हे ध्यानी न घेता केंद्रे उघडली, तर इमारतीवर आणखी एक पाटी लागण्यापलीकडे फारसे काही साधणार नाही.

रोगाचा व्याप लहान नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग नव्याने झाला आणि ९८ हजारांवर स्त्रिया त्याने दगावल्या. सुदैवाने औषधाच्या किमतीचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. कुटुंबामागे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ज्या महात्म्याचे नाव या योजनेला आहे, त्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण हे खटाव तालुक्यातलेच. त्या खटावातील, शेजारच्या माणमधील किंवा जत-आटपाडीकडील स्त्री हा उपचार शेवटपर्यंत घेऊ शकते काय, हा आजचा खरा प्रश्न आहे.

अर्धवट उपचाराचे मोल

‘शेवटपर्यंत’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर औषधे दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण घटते, हे इटलीतील मिलान येथील डॉ. जानी बोनादोना यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. त्याच रुग्णांचा वीस वर्षांचा आढावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरलेल्या मात्रेपैकी ८५ टक्के वा अधिक औषध ज्यांना मिळाले, त्यांना लाभ सर्वाधिक झाला. ज्यांना ६५ टक्क्यांहून कमी मिळाले, त्यांची गत औषध न घेतलेल्यांहून वेगळी नव्हती. म्हणजे मळमळ, तोंडातील फोड, केस गळणे हे सारे सोसून मध्येच थांबलेल्या स्त्रीच्या पदरी यातना पडतात, फळ मात्र पडेलच असे नाही.

स्त्रिया मध्येच का थांबतात? धीर सुटतो म्हणून, असे उत्तर आपण सहज देतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हिशेब मांडून पाहावा. आज बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा क्रम असा, की आधी दर एकवीस दिवसांनी चार डोस आणि त्यानंतर दर आठवड्यास एक याप्रमाणे बारा. एकूण सोळा खेपा, सुमारे सहा महिने. सोबतीला एक माणूस धरला, तर केवळ सलाईन लावण्यासाठी बत्तीस दिवसांचा रोजगार बुडतो. रक्ततपासणीसाठी वेगळी खेप करावी लागली, की चौसष्ट. उपचारासाठी मुंबई गाठायची, तर प्रत्येक खेपेस दोन-तीन दिवस आणि मुक्कामाचा खर्च वाढतो. कर्करोग्यास रेल्वेच्या शयनयान डब्यात पूर्ण भाडेमाफी आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या असंख्य रुग्णांना आसरा दिला आहे. हे सर्व मान्य करूनही बुडालेली मजुरी कोणत्याही सवलतीने भरून निघत नाही. योजनेच्या हिशेबात औषधाचे बिल येते. शेतमजूर स्त्रीचा रोज, सोबत आलेल्या मुलाचा पगार, कुणी धार न काढल्याने बंद झालेले दूध हे कुठेच येत नाही. उपचार मोडतो तो बहुधा याच न नोंदलेल्या खर्चापाशी.

दोन साधे उपाय

उपाय मात्र अवाढव्य नाहीत. डोस देण्यापूर्वी रक्तातील पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत की नाहीत, हे पाहावे लागते. त्या कमी आढळल्यास रुग्णास आल्या पावली परत जावे लागते. रोज आणि भाडे दोन्ही फुकट. हीच तपासणी आदल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात करून आकडे दूरध्वनीने मिरजेला, कराडला किंवा साताऱ्याला कळवणे मुळीच अवघड नाही.

दुसरा मुद्दा तापाचा. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात १००.४ अंशांवर ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता तातडीने इंजेक्शनातून प्रतिजैविके सुरू करावी लागतात. हा ताप नेमका रात्री, घाटमाथ्यावरील एखाद्या वाडीत येतो आणि तापाच्या गोळीवर निभावून नेला जातो. प्रत्येक रुग्णाजवळ डोसची तारीख व ही सूचना लिहिलेले कार्ड असावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास व आशा कार्यकर्तीस त्याचा अर्थ ठाऊक असावा. त्याने काही जीव निश्चित वाचतील.

आशा कार्यकर्ती व परिचारिका यांची मदत आणखी एका कामी होईल. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीत रोग आधीच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. रोग लवकर सापडला, तर पुष्कळदा उपचारही सौम्य करता येतो.

घर आणि गाव

शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. ज्या घरात आजारी स्त्रीच डोसच्या तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसते, तेथे तिला ‘धीर धर’ म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. केस गळालेल्या स्त्रीला हळदीकुंकवाला न बोलावणे, तिचे ताट वेगळे ठेवणे हे प्रकार सुशिक्षित वस्त्यांतही घडतात. हा रोग संसर्गजन्य नाही आणि उपचार संपल्यावर केस बहुधा पुन्हा येतात, एवढे तरी शिक्षकांनी वर्गात स्पष्टपणे सांगावे.

या दोन जिल्ह्यांना परंपरा आहे. डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले. कर्मवीरांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, ती गावोगावच्या माणसांच्या मूठभर धान्यावर वाढली. आज गावोगावी साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था आहेत. आपल्या सभासदांच्या घरातील अशा रुग्णास सहा महिने बुडालेल्या रोजाचा काही अंश देण्याचा निधी त्यांनी उभारला, तर ताळेबंदावर त्याचा भार जाणवणारही नाही. वार्षिक सभेत लाभांशावर तासभर वाद घालणाऱ्या सभासदांनी यंदा हा एक ठराव तरी मांडून पाहावा.