नमते घेण्यातली ताकद

'दारू सोड' म्हणून बजावले, की पिणारा दारूचीच वकिली करू लागतो. घरोघरचा हा अनुभव! जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युडोची शाळा काढली. तिचे एक सूत्र असे : समोरचा ढकलू लागला, तर उलट ढकलू नका, त्याच्या जोराबरोबर वळा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मद्यपींच्या समुपदेशनाची जी पद्धत मांडली, तिचा बाज असाच आहे. वाद घालायचा नाही. 'तुम्हाला स्वतःला काय खुपते?' एवढे विचारून ऐकत राहायचे. सोडण्याची कारणे मग त्याच्याच तोंडून येऊ लागतात. फरक एकच, पण मोलाचा. ज्युडोत प्रतिस्पर्ध्याला पाडायचे असते. इथे माणसाला उभे करायचे असते. समुपदेशकच जिंकायला निघाला, तर रुग्ण हरलाच म्हणून समजा.