जुक्कलचा कागद परका कसा?

मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटिअरच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय 2 सप्टेंबर 2025 रोजी निघाला आणि वंशावळीच्या कामांना उसंत राहिली नाही. देगलूर, मुखेड, उदगीरकडच्या मोडीवाचकांच्या आणि उर्दू अनुवादकांच्या पत्रांत एकच गाऱ्हाणे आहे. पणजोबांचे मृत्युपत्र जुक्कल-बिचकुंद्याकडचे निघाले, की ‘हा तेलंगणाचा कागद, इथे चालत नाही’ म्हणून टेबलावरूनच परत केला जातो.

1 नोव्हेंबर 1956पूर्वी बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे देगलूर तालुक्यातच होती. राज्य पुनर्रचना कायद्याने ती बाजूला काढली. मुधोळ, भैंसा आणि कुबेर मंडळेही नांदेड जिल्ह्यातूनच गेली. समजा, फसली 1345चा वसीयतनामा आहे. थोरल्याला जुक्कलची जमीन, धाकट्याला देगलूरची. धाकट्याच्या घरच्या पाहणी पत्रकात एकाच पिढीचे ‘वलद’ मिळते. त्यामागची नावे या वसीयतनाम्यातच आहेत. तो लिहिला गेला तेव्हा देगलूर तालुक्याचाच होता. आज तो नाकारायचा आणि वर वंशावळ तुटक म्हणून अर्ज फेटाळायचा, हा उघड अन्याय आहे. सरहद्द सरकली, भाऊबंदकी नाही. पुरावा मागणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी आपल्या जिल्ह्याचा 1956पूर्वीचा नकाशा पाहावा.

यावर एक परिपत्रक पुरे: 1956पूर्वीचा कागद त्या वेळच्या तालुक्याचा धरावा. कामारेड्डी आणि निर्मल जिल्ह्यांतून नकला मागवण्याचे काम जिल्हाधिकारी कार्यालयाने थेट करावे. अर्जदाराला सरहद्दीपलीकडे हेलपाटे घालायला लावू नये.

आपल्या मोडीवाचक-अनुवादक मंडळींनाही चार शब्द सुनावणे भाग आहे. लिप्यंतरात कौमेचा रकाना तेवढा उतरवायचा आणि साक्षीदार, चतुःसीमा, पत्राच्या शेवटी सांगितलेले नमस्कार-आशीर्वाद गाळायचे, ही सवय सोडा. साक्षीला अनेकदा भाऊबंदच बसतात, चतुःसीमेत चुलत्याचे शेत निघते, आशीर्वादाच्या ओळीत लेकीसुनांची नावे सापडतात. दुसरी खोड इसवी सन काढताना फसलीत सरसकट 590 मिळवण्याची. हैदराबादचे वर्ष आजूरमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होई. जानेवारीनंतरच्या तारखेला 591 मिळवावे लागतात. 17 सप्टेंबर 1948 हा दिवस फसली 1357 मध्ये येतो. 590 मिळवले तर हैदराबाद 1947 मध्येच मुक्त होईल! वर्षअखेरच्या आबान 1345चे मृत्युपत्र आणि आजूर 1346चा विरासतीचा अर्ज यांत काही आठवड्यांचेच अंतर असते. तिथे वर्षभराचे अंतर दाखवले, तर समोरचा वकील तेवढ्यावरच अख्खी वंशावळ संशयित ठरवतो.

वाचकहो, पूर्ण लिप्यंतर करा, मूळ महिना आणि फसली साल तसेच ठेवून शेजारी इसवी लिहा. घरोघरच्या दप्तरांची छायाचित्रे वाळवी लागण्याआधी काढून घ्या. आणि जुक्कलचा कागद कुणी परत केला, तर तो मुकाट्याने उचलून घेऊ नका. कारणासह लेखी शेरा मागा. तोंडी नकारावर अपील होत नाही.